चौघींत एक पेन

गेली कित्येक वर्षं मी पगार घेऊन लोकांच्या पोटाला चिमटे काढते आहे.

अलंकारिक नाही, खरोखरचे. नेरूळला एका डायबेटिसच्या डॉक्टरांकडे मी सिस्टर आहे आणि पेशंटला इंजेक्शन घरच्या घरी घ्यायला शिकवणं हे माझं मुख्य काम. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून पोटाची वळी हलकेच धरायची, सुई सरळ आत, बटण दाबायचं, आणि लगेच ओढायची नाही. सावकाश दहा म्हणायचं, मग बाहेर. वळी कशी धरायची ते मी ड्रेसवरूनच स्वतःच्या पोटावर दाखवते. इतरांना ती शोधावी लागते. माझी बिचारी कायम हजर असते.

पूर्वी माझ्याकडे यायचे ते इन्शुलिनवाले. चेहरे असे, की जणू बाहेर नातेवाईक तिरडी बांधताहेत. आता वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शनचं पेन आलं आणि माझ्या टेबलासमोरची कळाच बदलली. लोक नटूनथटून येतात, मोबाईलमध्ये लग्नातले फोटो दाखवतात आणि म्हणतात, "सिस्टर, परत एवढं करून द्या." मी काय शिंपी आहे?

हे औषध काय करतं ते मी पेशंटला सांगते तसंच इथे सांगते. पोटात गेलेलं अन्न एरवी ज्या वेगानं पुढे सरकतं, त्याऐवजी ते रेंगाळतं. सरकारी फायलीसारखं. पोट भरलेलं राहतं, भूक कमी लागते, 'बास' असा निरोप मेंदूला लवकर पोचतो. सुरुवात अगदी थोड्या डोसनं, आणि वाढवायचा तो डॉक्टर सांगतील तेव्हाच. मळमळतं, म्हणून थोडं खायचं, सावकाश खायचं, तळलेल्याकडे पाठ फिरवायची, पाणी प्यायचं. डाळी, अंडी, मासे मात्र सोडायचे नाहीत, नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही उतरते. पोटात जोराची कळ येऊन पाठीत गेली किंवा उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस घ्यायचा नाही, तडक डॉक्टरकडे यायचं. घरात कुणाला थायरॉइडचा अमुक प्रकारचा कॅन्सर होऊन गेलेला असला, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असली, दिवस गेलेले असले किंवा तसा विचार असला, तर आधी सांगायचं. सगळ्यांना हे चालत नाही, म्हणून तर डॉक्टर तपासून मग देतात.

एवढं सगळं तोंडाला फेस येईपर्यंत सांगून झालं, की पेशंट माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघतात आणि विचारतात, "सिस्टर, तुम्ही नाही का घेत?"

मी म्हणते, "मी शिकवते." पोहायला शिकवणारे गुरुजी नाही का कोरडे काठावर उभे असतात!

'आठवड्यातून एक वार ठरवा' हे माझं सगळ्यात साधं वाक्य. आपल्या लोकांत मात्र त्याच्याइतकं अवघड वाक्य नाही. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतले सावंत म्हणून हेडक्लार्क होते. ते बायकोला घेऊन आले आणि वार ठरवण्यात माझी अर्धी दुपार गेली. सोमवारी उपास. मंगळवार गणपतीचा, त्या दिवशी अंगाला सुई नको. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे, आणि सुई घेतल्यावर दोन दिवस जेवण जात नाही म्हणता, मग मासळीचा अपमान कशाला? गुरुवार दत्ताचा. राहिला शनिवार.

"शनिवारी नवीन काही सुरू करू नये," बायको म्हणाली.

"अगं पण वजन उतरवायचंय, चढवायचं नाहीये," सावंत म्हणाले. "साडेसातीत सगळं उतरतंच."

शनिवार ठरला. जाताना सावंतांनी दारातून परत येऊन हळूच विचारलं, "सिस्टर, ह्यानं उपास मोडत नाही ना?" मी म्हटलं, नाही मोडत. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी अजून विसरलेले नाही. पण उपासाला साबुदाण्याची खिचडी ताट भरून खाल्लीत तर इंजेक्शन मोडेल, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही.

तर अशी ही माझी पेशंट मंडळी. त्यांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले, रागावत आले, आणि माझा असा समज होता, की चुकीच्या पद्धतीनं इंजेक्शन घेण्याचे जेवढे प्रकार मनुष्यजातीला सुचू शकतात, तेवढे मी बघितलेले आहेत. फ्रीजरमध्ये पेन गोठवून आणणारे, टोपण न काढता बटण दाबून 'काही दुखत नाही हो' म्हणणारे, एकच सुई महिनाभर वापरणारे. तो समज माझ्या सख्ख्या नणंदेनं मोडला.

सुलभाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सरकारी नोकरीतून निवृत्त, यजमान गेलेले, मुलगा चिन्मय मस्कतला. आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची सोसायटी. (हा लेख मी ताईंना वाचून दाखवूनच पाठवते आहे. ताई ठणठणीत आहेत. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली, 'थोरली' काढ, 'मोठी' म्हण. दुसरी सांगायची वेळ पुढे येईल.)

आता त्यांच्या सोसायटीची रीत सांगायला हवी. आम्हा नवी मुंबईकरांना वाशीचं घाऊक मार्केट हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ताईंच्या मजल्यावर कुणीही, कधीही, काहीही एकटं विकत घेत नाही. हापूसची पेटी आली, की ताईंच्या हॉलमध्ये पेपर पसरून फोडायची आणि वाटून घ्यायची. कांद्याची गोणी, गुळाची ढेप, पापडाचं पीठ, कोलंबीची टोपली, सगळं वाटून. ह्या वाटपात कायमच्या चौघी: ताई, समोरच्या पेडणेकरकाकू, वरच्या घाटगेवहिनी आणि करावे गावातल्या ठाकूरमावशी. मावशी मार्केटात मासळी विकतात आणि सोसायटीत घरपोच देतात. कोलंबी त्यांची म्हणून वाटा त्यांचा, आणि एकदा वाट्यात आल्या म्हणून पुढे सगळ्यातच. एखादी गावाला गेली तर तिचा वाटा दुसरी घेते. वाया काही घालवायचं नाही, हा त्या मजल्याचा धर्म.

अशीच एक पेटी उचलताना ताईंच्या पोटाला हर्निया झाला. बेंबीजवळ लिंबाएवढा फुगवटा. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा, नाहीतर टाके धरायचे नाहीत. ताईंनी दोनदा तारीख घेतली, दोनदा काट्यावर उभ्या राहिल्या आणि दोनदा परत आल्या.

आणि मग अचानक ताईंचं वजन उतरायला लागलं.

काय उतरलं म्हणता! गालांची हाडं दिसायला लागली, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. विचारलं तर म्हणायच्या, "जवसाची चटणी. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. आणि मनावर ताबा." सोसायटीच्या हळदीकुंकवाला बायकांनी त्यांचं भाषणच ठेवलं. ताई अर्धा तास जवसावर बोलल्या. त्यानंतर नेरूळच्या त्या सेक्टरात जवस मिळेना. माझ्या नवऱ्यानंही बहिणीच्या प्रेमापोटी जवस सुरू केला. त्याचे परिणाम आमच्या घरात जे झाले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाहीत.

तिसरी तारीख मिळाली. या वेळी काटाही पास झाला. ऑपरेशन बेलापूरच्या एका हॉस्पिटलात, पूर्ण भूल देऊन. चिन्मय खास रजा काढून मस्कतहून येऊन बसलेला. त्याची रजा मोजकी, म्हणून ताईंचा एकच धोशा: "आता काही झालं तरी तारीख हलता कामा नये. माझा मुलगा इथे असताना व्हायला हवं."

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे मदतीला गेले. चिन्मयसाठी बोंबील तळायचे होते. ताई ओट्याशी उभ्या राहिल्या, पहिला बोंबील तव्यावर चुरचुरला, आणि ताई तोंडाला पदर लावून बेसिनकडे धावल्या. परत आल्या त्या ढेकर देत.

"काय जेवलात सकाळी?" मी विचारलं.

"काही नाही गं. कालचंच वर येतंय, वाटाणे."

रात्रीचे वाटाणे दुसऱ्या दुपारी वर येतात, हे वाक्य ऐकून माझ्यातली भावजय गप्प राहिली, पण सिस्टर जागी झाली. कोथिंबीर घ्यायला म्हणून मी फ्रीज उघडला. कोथिंबिरीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या आत, जुडीत गुंडाळलेलं, मला रोज दहा वेळा दिसणारं ते पेन.

"ताई, हे काय?"

"कुठे काय?"

"कोथिंबिरीत हे काय?"

ताईंनी माझ्या हातातून पेन घेतलं, परत जुडीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ते पेडणेकरांचं आहे. त्यांचा फ्रीज बिघडलाय."

पेडणेकरकाकूंना पेन मीच शिकवलेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी रीतसर तपासून दिलेलं. मी तशीच समोरच्या दाराची बेल वाजवली. काकूंचा फ्रीज ठणठणीत चालू होता, आणि काकूंनी मला बघताच विचारलं, "कळलं वाटतं?"

पाच मिनिटांत चौघी ताईंच्या हॉलमध्ये; मावशी घरपोच मासळी द्यायला सोसायटीतच आलेल्या होत्या. चिन्मयला आम्ही पाव आणायला पिटाळला. घाटगेवहिनी साताऱ्याकडच्या, त्यांना पोटात काही ठेवायची सवयच नाही. त्यांनी पदर खोचून सगळं सांगून टाकलं.

"त्याचं काय झालं वैनी, तुमीच काकूंना शिकवलं का न्हाई, एका पेनात चार डोस असत्यात म्हणून? मग आमी चौघी. बरोबर बसलं की!"

मंगळवारी संध्याकाळी भजन झालं, की ताईंच्या हॉलमध्ये पेन निघायचं. चौघी ओळीनं बसायच्या, पोटाला चिमटा काढायच्या आणि एकेक डोस घ्यायच्या. पेन संपलं. पुढच्या मंगळवारी नवीन पेन आणायची पाळी दुसरीची. चिठ्ठी एकट्या काकूंची. तिचा फोटो चौघींच्या मोबाईलमध्ये, आणि चार सेक्टरांत चार मेडिकल दुकानं. काकूंचा डोस डॉक्टरांनी वाढवला, की चौघींचा वाढायचा.

मी काकूंना पकडलं. "काकू, मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं ना, पेन दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही म्हणून?"

काकूंनी माझ्याकडे अतिशय निरागसपणे बघितलं. "दिलं नाही गं बाई. वाटून घेतलं."

"आणि सुई प्रत्येकीची वेगळी हो!" ताई म्हणाल्या. "आम्ही काही अडाणी नाही."

"पण ताई, असं बघा. एक पेन एकटीला महिनाभर पुरतं. चौघींत एक पेन आठवड्यात संपतं. म्हणजे महिन्याला प्रत्येकीनं एक पेन आणलंच. मग वाटून वाचलं काय?"

चौघींनी मनातल्या मनात हिशेब केला. चौघींचे चेहरे एकेक करून पडले.

"वाचायला कशाला हवं?" शेवटी ताई म्हणाल्या. "एकटीनं बसून पोटात सुई खुपसायची म्हणजे कसंतरीच वाटतं. चौघी असलो की सोबत होते."

इतकी वर्षं मी लोकांना सुईचा कोन शिकवला, सोबतीचा मुद्दा माझ्या शिकवण्यात कधी आलाच नव्हता.

पण रागवायचं काम होतंच. मी त्यांना समजावलं, की सुई बदलली म्हणून भागत नाही. टोचताना रक्ताचा, अंगातल्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा अंश उलटा पेनच्या आत जाऊ शकतो आणि पुढच्या सुईतून पुढच्या बाईच्या अंगात. कावीळ म्हणू नका, आणखी काय काय म्हणू नका, सगळं त्या वाटेनं येऊ शकतं. चौघींना रक्ततपासणी करावी लागेल.

"चौघींची एकदम केली तर घरी येतात का हो घ्यायला?" काकूंनी विचारलं.

ठाकूरमावशी इतका वेळ कोपऱ्यात पाटावर बसून होत्या. मावशी म्हणजे वाळत घातलेला बोंबील. ह्या बाईचं वजन उतरवायचं म्हणजे हाडं काढून ठेवायला लागतील. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कशाला घेतलंत?"

"वाटा आला, घेतला," मावशी म्हणाल्या. "मना काय ठाव! पयल्याच टायमाला घेतला न् दुसरे दिवशी मार्केटात बसले. मावऱ्याचा वास सोसंना. जल्मात पयल्यांदा! नाकाला पदर लावून बसले, तं गिऱ्हाईक बोलतंय, मावशी, तुलाच वास येतंय तं आमी कशाला घेऊ? टोपली हाय तशी परत आनली. मंग नाय घेतला बाय. मी बोल्ले, माजा वाटा सुलभाला देवा."

मी ताईंकडे वळले. ताई पंख्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तुम्ही दर मंगळवारी दोन डोस घेत होतात?"

"वाया कशाला घालवायचं?"

"मागच्या मंगळवारीसुद्धा?"

"मागच्या मंगळवारी तीन," घाटगेवहिनी म्हणाल्या. "माजं पोट बिघडलं होतं. माजा बी त्यांनीच घेतला."

मी खुर्चीत बसले. चूक म्हणावं तर माणसं इतकी काटकसरीनं वागलेली! पण आता गंमत उरली नव्हती. मी ताईंना शेजारी बसवलं आणि सरळ सांगितलं, "पूर्ण भूल देतात तेव्हा पोट रिकामं असावं लागतं. तुमच्या पोटात कालचे वाटाणे आहेत. भुलीत ते वर आले आणि फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतेल. उद्या भुलीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय. त्यांना हे सांगायलाच हवं."

"मी रात्रीपासून उपाशी राहीन ना."

"तुम्ही उपाशी राहाल, वाटाणे तिथेच राहतील. रात्रभराचा उपास ह्या औषधाला पुरत नाही."

ताईंचा आवाज एकदम बारीक झाला. "सांगितलं तर तारीख पुढे जाईल. चिन्मय निघून जाईल. परत कधी येईल तो?" मग, "आणि सोसायटीत जवसाचं काय तोंड दाखवू?"

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"सांग तर खरं!" ताई उठून उभ्या राहिल्या. "भावजय म्हणून ह्या घराची पायरी परत चढू नकोस मग."

त्या रविवारी आम्ही बायकांनी बोंबील खाल्ले नाहीत. चिन्मयनं एकट्यानं सगळे संपवले आणि 'काकू, तुम्ही पण जवस खाता का?' असं घाटगेवहिनींना विचारून वातावरण आणखी बिघडवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलापूरला. ताई, मी, आणि सोबत म्हणून पेडणेकरकाकू, घाटगेवहिनी. मावशी मार्केटचं आटपून मागून येणार होत्या. चिन्मय रिसेप्शनवर पैसे भरायच्या रांगेत. रिक्षात ताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पेशंटला रागावणं वेगळं आणि नवऱ्याच्या मोठ्या बहिणीची चुगली करणं वेगळं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही.

भुलीच्या डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. हसरी. ताईंचं बीपी बघितलं, घसा बघितला, दात हलवून बघितले.

"आजी, वजन छान उतरवलंत हं. औषधं कुठली चालू आहेत?"

"बीपीची गोळी. सकाळी अर्धी."

"अजून काही? इंजेक्शन वगैरे?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे बघितलं. काकू भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघायला लागल्या, तिथे त्यांना आणखीच भीती वाटली असावी, त्यांनी डोळे मिटले.

"नाही," ताई म्हणाल्या. "जवस फक्त."

मग मी तोंड उघडलं. "डॉक्टर, मी ह्यांची भावजय. एक सांगायचं होतं. ह्या गेले काही महिने…"

"तू थांब!"

ताई अशा ओरडल्या, की बाहेरची नर्स आत डोकावली.

"माझ्या पोटात काय आहे ते तू सांगणार? मोठी कोण आहे घरात, तू की मी? गप्प बस, मी सांगते." आणि डॉक्टरकडे वळून ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "लिहून घे गं मुली."

आणि मग ताईंनी सगळं सांगितलं. पेन, मंगळवार, भजन, वाटे, मावशींचा वाटा, घाटग्यांचा वाटा, कोथिंबीर. वाटाण्यांची उसळसुद्धा सांगितली, कृतीसकट. 'कल्पना माझीच होती, ह्या बिचाऱ्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत,' असंही सांगितलं. खरं तर कल्पना काकूंची होती. काकूंनी डोळे उघडून ताईंकडे बघितलं आणि परत मिटले. (ताईंची दुसरी दुरुस्ती इथे आहे: 'तुझ्या सांगण्यावरून मी बोलले असं वाचणाऱ्याला वाटता कामा नये. मी बोलणारच होते. तू मध्ये तोंड घातलंस.' दुरुस्ती केली आहे.)

डॉक्टरचं हसू केव्हाच गेलं होतं. तिनं सर्जनना फोन लावला, आमच्या डॉक्टरांना फोन लावला. मग ताईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, एवढे जास्तीचे डोस अंगात असताना मी तुम्हाला भूल देणार नाही. काही आठवडे पुढे ढकलू. हर्निया थांबू शकतो. बरं झालं सांगितलंत."

"माझा मुलगा जाईल," ताई म्हणाल्या.

"आई," दारातून आवाज आला. चिन्मय पावती हातात घेऊन उभा होता, आणि तो किती वेळ उभा होता ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "तू तीन-तीन डोस घेतलेस?"

"वाया…" ताईंनी सुरुवात केली.

चिन्मय खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले, आणि ते हसण्यानंच वाहताहेत की काय ते काही सांगता येईना. मग घाटगेवहिनी हसल्या, काकू हसल्या, आणि इतक्यात मावशी रिकामी टोपली घेऊन आत आल्या, म्हणाल्या, "काय झाला? ऑपरेशन झाला पन?"

चिन्मय ठरल्या दिवशी मस्कतला गेला. विमानतळावर ताई रडल्या नाहीत. घरी आल्यावर तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "कोथिंबीर न्यायला ये. एवढी जुडी एकटीनं काय करू?"

चौघींच्या तपासण्या झाल्या, देवाच्या दयेनं काही निघालं नाही. काही महिन्यांनी परत करायला सांगितल्या, त्याही झाल्या. काकू आपलं पेन आपण घेतात. घाटगेवहिनींना आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की त्यांच्या स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेलेली आहे, तेव्हा ह्या औषधाच्या वाटेला जायचं नाही. मावशींना बघून डॉक्टर इतकंच म्हणाले, "जेवा हो." मी मात्र आता पेन शिकवताना 'कुणाला देऊ नका' एवढ्यावर थांबत नाही. 'देऊ नका, वाटू नका, उसनं घेऊ नका, राहिलेला डोस संपवू नका, आणि भीती वाटत असली तर सोबतीला कुणालाही बसवा, पण तिला टोचू नका,' असं सगळं एका दमात म्हणते. नवीन पेशंट घाबरतात. घाबरू देत.

ऑपरेशन मग गेल्या दिवाळीच्या तोंडावर झालं. औषध केव्हाच थांबवलेलं, आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं पातळ. सकाळी त्याच तरुण डॉक्टरनं पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून आत काही उरलं नाही ना ते बघितलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आजी, ह्या वेळी काही राहिलंय का सांगायचं?"

झालं. एकदा खरं बोलायची गोडी लागलेल्या माणसाला असं विचारू नये.

"मागच्या दोन दाढा खोट्या आहेत," ताई म्हणाल्या. "डाव्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश राहिलंय. काल संध्याकाळी करंजीचा एक तुकडा जिभेवर ठेवला होता, पण गिळला नाही, थुंकला. हळदीकुंकवाला मी जवसाबद्दल जे बोलले ते खोटं होतं. आणि ही माझी भावजय, सिस्टर आहे, लोकांना वजन उतरवायला शिकवते, हिच्या पर्समध्ये चकल्या आहेत."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी पर्स पाठीमागे घेतली.

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर हलवलं. मी सोबत चालायला लागले आणि दारापर्यंत येता येता मला समोरचं काही दिसेना. हजारो लोकांना 'काही दुखत नाही हो' म्हणून सांगणारी मी, भर कॉरिडॉरमध्ये नाक ओढत उभी. आतल्या वळणावर ताईंनी मान उचलली आणि मला शोधलं.

"मीना, रडतेस काय वेड्यासारखी? मी सगळं सांगितलंय त्यांना."